आदेश झाला, ताबा कोठे आहे?

आदिवासींच्या जमिनींवरील बेकायदेशीर कब्जेदारांना हटविण्याविषयी जाहीर पत्रक

ग्रामसभांच्या सभासदांनो, महसूल खात्यातील अधिकाऱ्यांनो आणि सुजाण नागरिकहो,

आदिवासी खातेदारास जमीन परत करण्याचा हुकूम निघावा, सातबाऱ्यावर त्याचे नाव पुन्हा चढावे, दप्तरात ताबापावतीही सामील व्हावी, आणि तरीही मृग बरसल्यावर त्या शेतात नांगर मात्र पूर्वीच्याच कब्जेदाराचा चालावा, अशी स्थिती ज्या गावात आहे, तेथे कायद्याची अंमलबजावणी झाली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. आमचे प्रतिपादन असे की, अतिक्रमकाला प्रत्यक्ष जमिनीवरून दूर करून मूळ खातेदाराचा निर्वेध ताबा प्रस्थापित करणे हा न्यायदानाचाच अविभाज्य भाग आहे, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी शासनाची आहे. ती दुर्बळ अर्जदाराच्या माथी मारता येणार नाही.

या राज्यात कायद्याची उणीव नाही. सावकाराच्या गहाणखतातून, उधारीच्या हिशेबातून आणि निरक्षराच्या अंगठ्यातून आदिवासींच्या जमिनी कशा निसटत गेल्या, हे पाहण्यासाठी सरकारने १९७१ साली समिती नेमली. त्याच सुमारास शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली भूमिमुक्तीचा आवाज उठला. पुढे ६ जुलै १९७४ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ दाखल झाले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास प्रतिबंध झाला. त्यापाठोपाठ जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा अधिनियम १ नोव्हेंबर १९७५ रोजी अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात रीतसर खरेदीखताने गेलेल्या जमिनीही मूळ आदिवासीस परत देण्याची तरतूद त्यात आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यात तो वैध ठरविला. या कायद्यांखालील चौकशीत वकिलांना मज्जाव आहे. गरिबाच्या विरुद्ध पैशाच्या जोरावर वकिली चातुर्य उभे राहू नये, हा त्यातील हेतू. परंतु जेथे अर्जदाराच्या बाजूने बोलणारा वकील नाही, तेथे अधिकाऱ्यानेच सत्याचा शोध घेतला पाहिजे, हे ओघानेच आले. म्हणूनच अर्जाची वाट न पाहता स्वतःहून चौकशी सुरू करण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.

हटविण्याची रीतही संहितेच्या कलम २४२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलेली आहे. प्रथम वाजवी मुदतीची नोटीस. ती न मानल्यास अधिकाऱ्याने स्वतः किंवा हाताखालच्या अंमलदारामार्फत कब्जेदारास जमिनीवरून दूर करणे. अडथळा झाल्यास संक्षिप्त चौकशी. आणि तो अडथळा निष्कारण असून चालूच राहिला, तर अटकेचे वॉरंट व तीस दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंग. हुकूम होऊनही जो जमीन सोडीत नाही त्याच्याकडून, जितका काळ तो बसून राहील तितक्या काळाची भरपाई वसूल करण्यासाठी कलम ३६-ब आहे. शिवाय अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन अन्यायाने बळकावणे किंवा तिला जमिनीवरून हुसकणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये सहा महिने ते पाच वर्षे कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

मग घोडे अडते कोठे? ते अडते हुकूम आणि शेत यांच्या मधल्या वाटेवर. उभे पीक आहे म्हणून ताबा पुढे ढकलला जातो, आणि एक पीक निघेपर्यंत दुसरे पेरले जाते. महसूल न्यायाधिकरणाकडे अपील केल्याचे सांगितले जाते, आणि स्थगिती मिळाली आहे काय, हे कोणी विचारीत नाही. मोजणी न होताच कचेरीत बसून ताबापावती लिहिली जाते. तिच्यावर अंगठा देणाऱ्याने आपल्या बांधावर पाऊलही ठेवलेले नसते. आणि ज्याला खरोखर ताबा मिळाला, त्याच्याजवळ बी नाही, बैल नाही, हे हेरून जुना कब्जेदार पुढच्याच हंगामात परततो व मालकालाच त्याच्या रानात मजूर म्हणून राबवितो.

आम्ही पैसे मोजून जमीन घेतली, विहीर खणली, बाग लावली, असे कब्जेदार म्हणतात. या आक्षेपाचा विचार विधिमंडळाने आधीच केलेला आहे: १९७४ च्या अधिनियमात जमीन महसुलाच्या आकाराच्या अठ्ठेचाळीस पट रक्कम व सुधारणांचे मूल्य मूळ खातेदाराकडून देवविण्याची व्यवस्था आहे. तेव्हा ज्याचा व्यवहार कायद्याच्या कक्षेत होता त्याला मोबदला आहे; आणि ज्याने मंजुरीवाचून, निव्वळ दांडगाईने जमीन धरली, त्याने वर्षे लोटली म्हणून मालकीची भाषा बोलू नये.

याच्या जोडीला दुसरे चित्र ठेवून पाहा. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना वनभूमीवरून हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा देशभरातील लक्षावधी आदिवासी कुटुंबांवर निष्कासनाची टांगती तलवार आली. २८ फेब्रुवारीस त्या आदेशाला स्थगिती मिळाली म्हणून तो प्रसंग टळला. आदिवासीला त्याच्या वहिवाटीच्या भूमीवरून उठविण्याचा प्रश्न येतो तेव्हा शासनयंत्रणेला मनुष्यबळ सापडते. त्याची जमीन बळकावणाऱ्याला उठविण्याची वेळ आली की मात्र बंदोबस्ताची सबब पुढे होते. हा पक्षपात आम्हांस मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

१. जमीन परत करण्याच्या प्रत्येक हुकुमात ताबा देण्याची तारीख नमूद असावी, आणि स्थगिती नसेल तर केवळ अपिलाच्या सबबीवर ती टळू नये.

२. ताबा शेतावरच, मोजणी करून, हद्दीच्या निशाण्या रोवून व ग्रामसभेसमक्ष पंचनामा करून द्यावा. कचेरीत लिहिलेली ताबापावती ग्राह्य मानू नये.

३. पुढील दोन हंगामांत तलाठ्याने पीकपाहणीच्या वेळी प्रत्यक्ष कोण कसतो याची खातरजमा करून तहसीलदारास लेखी कळवावे.

४. परत शिरणाऱ्यावर कलम २४२ व ३६-ब यांखाली कारवाई करून पोलिसांत गुन्हाही नोंदवावा.

५. जमीन परत मिळालेल्या खातेदारास बी-बियाणे व बैलजोडी यांसाठी पहिल्या हंगामाआधी शासकीय साहाय्य द्यावे.

कब्जेदारावर जमावाने चालून जावे, असे आम्ही कोणासही सांगत नाही. कायद्याची रीत पुरेशी आहे, ती चालविली मात्र पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने जमिनीचे अन्यायाने होणारे हस्तांतर रोखण्याचा व गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी कारवाई करण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार प्रत्येक ग्रामसभेने येत्या बैठकीतच वापरावा: आपल्या शिवारातील अशा गटांची यादी करावी, हुकूम झालेले व न झालेले वेगळे काढावेत, ठराव करून तो तहसीलदारांकडे द्यावा व त्याची पोच घ्यावी. आणि ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने हे हुकूम निघाले आहेत, त्यांनी आपली सही शेताच्या बांधापर्यंत पोहोचविण्याचे कर्तव्य पार पाडावे. तेवढे केल्यावाचून त्यांचे काम पुरे झाले असे आम्ही मानणार नाही.