राहुकालाचा तक्ता आणि पंचांगाचा विसर

भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात आणि आता भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत राहुकालाचा एक ठरीव तक्ता आढळतो. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार आणि असेच पुढे. सुशिक्षित कुटुंबेही तो पाहून शुभकार्याची वेळ मागेपुढे करतात. आपण शास्त्र पाळले, असे समाधान त्यांना लाभते. वस्तुतः हा तक्ता शास्त्राचा नव्हे, आळसाचा आहे.

मूळ नियम सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे आठ समान भाग करावयास सांगतो. सोमवारी त्यांतील दुसरा भाग राहुकाल, मंगळवारी सातवा. सूर्य सहाला उगवतो व सहाला मावळतो असे गृहीत धरले, तरच सोमवारचे उत्तर साडेसात ते नऊ येते. मुंबईत २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. दिनमान अकरा तासांहून किंचित कमी असते. त्या दिवसांत तेथील सोमवारचा राहुकाल साडेआठच्या सुमारास लागतो आणि दहाच्या आत संपतो. तक्त्यावर विसंबणारा निर्दोष वेळ टाळतो आणि नऊ वाजताच निश्चिंत मनाने नेमका राहुकालात कार्यारंभ करतो!

अभिजित मुहूर्ताचीही हीच गत. दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतील हा आठवा, म्हणजे ऐन मध्यान्हीचा. परंतु भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेस असल्याने तेथे मध्यान्ह सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी होते; नागपुरात त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी. मग घड्याळातील बारा हीच दोन्हीकडची मध्यान्ह कशी?

विवाहमंडपात घटिकापात्र पाण्यावर सोडून चोवीस मिनिटांची एकेक घटका मोजणारे आपले पूर्वज असे आंधळे नव्हते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ सिद्ध करून या विद्येचा इतिहास मांडला. पंचांगाचे गणित आकाशाशी जुळलेच पाहिजे, हा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. एवढी परंपरा पाठीशी असताना आपण मात्र एका चौकटीतील सात ओळींवर संतुष्ट आहोत, आणि समग्र पंचांगाला अंधश्रद्धा ठरवू पाहणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देत आहोत.

मुहूर्त पाळावा की न पाळावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मात्र जो पाळतो, त्याने तो नीट काढावा. गुढीपाडव्याला पंचांगश्रवणाची प्रथा आपल्याकडे आहेच. त्याच दिवशी घरातील मुलांना आपल्या गावचा सूर्योदय व सूर्यास्त नोंदवून दिनमान काढावयास आणि त्याचे आठ भाग पाडावयास लावावे. एका भागाकाराचे हे काम; ते एकदा जमले की तो तक्ता भिंतीवरून खुशाल उतरवावा.