नोंदवही कोणाच्या मालकीची?

हौशी रेडिओकेंद्रावर नोंदी ठेवण्यासाठी कोणती संगणकप्रणाली घ्यावी आणि कोणता संगणक, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. नोंद कशी करावी, ती कोणत्या लिपीत असावी, तिची किल्ली कोणाच्या हाती असावी आणि शंभर वर्षांनी ती कोणाला वाचता यावी, हे प्रश्न मूलतः वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहेत. ते विक्रेत्यांवर आणि हौशी तंत्रज्ञांवर सोडून आपण मोकळे झालो, म्हणून या बाबतीत आज जो उपदेश प्रचलित आहे तो इतका उथळ आहे.

तो उपदेश असा. सोलापूर जिल्ह्यातील करकंबसारख्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याने परवान्याची परीक्षा द्यावी, उसाच्या फडापलीकडे दोन खांबांत तार ताणावी आणि ७ मेगाहर्ट्झवर पहिला संपर्क साधण्याची तयारी करावी, की जाणकार त्याला सांगतात : आधी चांगला संगणक घे, नवी विंडोज घे, अमुक कंपनीची परिपूर्ण प्रणाली घे आणि नोंदी महाजालावर ठेव, म्हणजे काळजी नको. या क्रमात रेडिओ शेवटी येतो. तारेला आणि हाताने जुळवलेल्या संचाला लागतील त्याहून अधिक पैसे संगणकात जातात आणि बहुतेकांची हौस तिथेच संपते. हा उपदेश चुकीचा आहे, एवढेच म्हणून आम्ही थांबणार नाही. तो नोंद या वस्तूचे स्वरूपच न समजल्याचे लक्षण आहे.

नोंद म्हणजे काय? दिनांक, वेळ, वारंवारता, संदेशपद्धती, समोरच्याचे संकेतनाम, ऐकू आल्याची प्रत आणि एखादा शेरा. एका ओळीचा ऐवज. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. आपण त्याला शकावली म्हणतो. जेधे शकावलीत वर्णन नाही, अलंकार नाही; तिथी आणि घटना आहे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली उजेडात आणली आणि शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची तिच्यातील एक नोंद शिवजन्माच्या तिथीचा सारा वाद नव्याने मांडायला पुरली. बखरीची पाने जिथे निकाल देऊ शकली नाहीत तिथे एक ओळ कामी आली, कारण ती जपली गेली आणि वाचता आली. नोंदीच्या प्रणालीची परीक्षा करायची ती याच दोन कसोट्यांवर : जपली जाते का आणि वाचता येते का. पडद्यावरचे रंगीत नकाशे आणि फिरणारे पृथ्वीगोल यांचा या कसोट्यांशी संबंध नाही.

दुसऱ्या कसोटीचा इतिहास तर आपल्याच वाङ्मयात आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यांचा हेतू धर्मरक्षणाचा होता, तो आम्हांला मान्य आहे. पण परिणाम असा झाला की लीळाचरित्रासारखे गद्य असलेले वाङ्मय शतकानुशतके उर्वरित महाराष्ट्राला दिसलेच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी त्या लिपीची उकल केली तेव्हा मराठी वाङ्मयाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. जी प्रणाली आपल्या नोंदी केवळ स्वतःलाच उमगेल अशा गुप्त मांडणीत साठवते ती याहून वेगळे काय करते? फरक एवढाच की तिच्यापाशी श्रद्धेचे कारण नाही, फक्त गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचे आहे.

हे भय काल्पनिक नाही. ‘हॅम रेडिओ डिलक्स’ ही प्रसिद्ध प्रणाली आरंभी विनामूल्य होती. २०११ मध्ये ती दुसऱ्या हातांत गेली आणि पुढे सशुल्क झाली. डिसेंबर २०१६ मध्ये असे उघडकीस आले की प्रतिकूल अभिप्राय लिहिणाऱ्या एका ग्राहकाची प्रणाली नवी आवृत्ती बसवल्यावर चालेनाशी झाली आणि तो अभिप्राय मागे घेण्याविषयी त्याला सुचवले गेले. बोभाटा झाल्यावर कंपनीने जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण आमचा आक्षेप त्या कंपनीच्या वागणुकीपुरता नाही. असे करता येणे शक्य होते, हाच मुद्दा आहे. वही विकणारा दुकानदार गिऱ्हाइकावर कितीही रागावला तरी त्याच्या घरातली वही मिटवू शकत नाही.

‘मग महाजालावर ठेवा’ म्हणणाऱ्यांचे काय? अमेरिकन रेडिओ रिले लीगचे ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ २००३ पासून जगभरच्या संपर्कांची परस्परखातरजमा करून देते. ती सेवा मोलाची आहे. परंतु मे २०२४ मध्ये लीगच्या संगणकजालावर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि ही सेवा १ जुलैपर्यंत बंद राहिली. नोंदी बुडाल्या नाहीत. पण दीड महिना ज्याच्यापाशी स्वतःची प्रत नव्हती त्याला आपलीच नोंद पाहता आली नाही. बडोद्याला, मुंबईला किंवा अमेरिकेत प्रत असावी, अवश्य असावी. मूळ मात्र करकंबलाच असले पाहिजे.

येथे आमच्यावर उलट दिशेने आक्षेप येईल : तर मग वहीच का नको? भारताच्या १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी बांधीव वहीच मागितली होती, सुटी पाने नाकारली होती. त्यामागचा विचार आजही पटण्याजोगा आहे. बांधीव वहीतले पान फाडले की फाटलेले दिसते. वीज गेली तरी वही चालते. २६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली तेव्हा दूरच्या केंद्रांशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे केंद्र क्षणात संकटकालीन केंद्र झाले. अशा वेळी हरवलेल्या माणसाचे नाव, गाव आणि निरोपाची वेळ कागदावर उतरवणारा हात कोणत्याही प्रणालीपेक्षा विश्वासाचा असतो. म्हणून वही हवीच. पण केवळ वहीचा आग्रह हा स्मरणरंजनाचा प्रकार आहे. दहा हजार नोंदींत एक संकेतनाम शोधायचे तर वही हात टेकते. शिवाय एफटी८ ही २०१७ मध्ये आलेली, नोबेल पारितोषिकविजेते ज्योतिर्वैज्ञानिक जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी घडवलेली संदेशपद्धती संगणकावाचून संभवतच नाही. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत, मानवी कानाला न उमगणाऱ्या क्षीण संकेतांतून ती संदेश वाचते. थोड्या शक्तीचे यंत्र आणि साधी तार एवढेच ज्याच्यापाशी आहे त्या गावच्या केंद्राला तिच्याइतका दुसरा आधार नाही.

तेव्हा संगणक हवा. कोणता? आमचे मत : घरात किंवा शाळेत अडगळीत पडलेला लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि असंख्य धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरली. त्यांवर लिनक्स बसवावे. झेक हौशी मंडळींनी घडवलेली ‘सीक्यूआरलॉग’ ही प्रणाली तिथे विनामूल्य चालते. टेलर यांची प्रणालीही चालते. विंडोजच ठेवायची असेल तर ‘लॉगफोरओएम’ आहे, स्पर्धांसाठी ‘एन१एमएम’ आहे; दोन्ही विनामूल्य. नोंद ठेवण्याच्या कामाला याहून बलवान यंत्र लागते असे सांगणारा एक तर विक्रेता असतो किंवा विक्रेत्याची जाहिरात वाचून आलेला असतो.

लॅपटॉपचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. संगणक हा रेडिओचा शेजारी म्हणून उपद्रवी असतो. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, सौरपंपाचे किंवा घरचे इन्व्हर्टर यांच्यामुळे लघुलहरींवर अखंड खरखर उठते. ऐकायचा असतो तो दूरचा क्षीण आवाज, आणि तो या खरखरीखाली दबतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवलेला लॅपटॉप तुलनेने शांत असतो आणि भारनियमनाच्या वेळीही चालू राहतो. शहराच्या सल्ल्यात या गोष्टीचा उल्लेख नसतो, कारण शहरात ती शांतता मुळातच उरलेली नाही. रात्रीच्या करकंबला ती अजून बऱ्यापैकी मिळू शकते आणि ती महागड्या यंत्राच्या पायी घालवणे हा करंटेपणा होय.

आता लिपीकडे येऊ. येथे साहित्याच्या अभ्यासकांनी कान टवकारावेत. नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी १९९६ पासून ‘एडिफ’ नावाची खुली मांडणी आहे. ती साधा मजकूर असते : क्षेत्राचे नाव, त्यातील चिन्हांची संख्या, मग मूल्य. प्रणाली उद्या नाहीशी झाली तरी ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते. एडिफ न देणारी प्रणाली घेऊच नये, हा आमचा पहिला आणि शेवटचा नियम. परंतु या गुणी मांडणीच्या सर्वाधिक रूढ रूपाला रोमन टंकाची ९५ चिन्हेच ठाऊक आहेत. तिथे माळशिरसचा ‘ळ’ आणि लातूरचा ‘ल’ एकच. तरी कोणी हट्टाने युनिकोडात ‘करकंब’ लिहिलेच तर गंमत पाहा : मराठी माणसाला ती अक्षरे चार वाटतात, युनिकोडच्या हिशेबाने चिन्हे पाच भरतात आणि साठवणीच्या रूढ पद्धतीत बाइट होतात पंधरा. एक प्रणाली पाच मोजून लिहिते, दुसरी पाच बाइट वाचून थांबते आणि गावाचे नाव दुसऱ्या अक्षरातच तुटते.

याच मांडणीच्या एडीएक्स या रूपात नाव, गाव आणि शेरा जगातील कोणत्याही लिपीत ठेवण्याची सोय आहे; ती स्वीकारणाऱ्या प्रणाली मात्र थोड्या. का? कारण कोणी मागत नाही. आपण मराठीवाले कधी मागतच नाही. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, तरीही पुढची कित्येक वर्षे आपली मासिके, प्रबंध आणि कोश खाजगी फाँटांत टंकले गेले, आणि आज त्या फाइली उघडल्या की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. हा अनुभव ज्या प्राध्यापकांच्या कपाटात आहे त्यांनी तरी लिपीचा प्रश्न तांत्रिक म्हणून झटकू नये. संकेतनाम रोमनच राहील. तो आंतरराष्ट्रीय करार आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण करकंबच्या केंद्राने सांगोल्याच्या माणसाशी मराठीत बोलावे आणि त्याचे नाव परक्या लिपीत मोडून लिहावे, ही सक्ती कोणत्या करारात आहे?

आणि मराठी कालगणना या नोंदीला परकी आहे असेही नाही. जगभरचे हौशी लोक एकच जागतिक वेळ लिहितात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. म्हणजे करकंबच्या केंद्रावर तारीख बदलते ती पहाटे साडेपाचला, मध्यरात्री नव्हे. ज्या समाजाचा वार सूर्योदयाला बदलतो त्याच्या विद्यार्थ्याला हे शिकवायला क्षणभरही लागू नये. स्थान सांगण्याच्या चौकोनांच्या पद्धतीत करकंब, पंढरपूर, सांगोला आणि सोलापूर ही सारी ‘एमके७७’ या एकाच चौकोनात येतात. शेजारची बार्शी मात्र निसटते. जगाच्या दृष्टीने चारही गावे एकच खूण आहेत. म्हणूनच गावाचे नाव गावाच्या लिपीत लिहिण्याची जबाबदारी जगाची नाही, आपली आहे.

आमची मागणी मोठी नाही. केंद्राच्या मेजावर एक बांधीव वही असावी आणि तिच्यात शेरे देवनागरीत असावेत. शेजारी जुना लॅपटॉप असावा, त्यावर विनामूल्य प्रणाली. दर महिन्याला एडिफची एक प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पैसे उरतील ते तारेवर खर्च करावेत. आणि मराठी विभागांनी, ज्यांच्यापाशी संगणक आहेत आणि लिपीचे जाणकारही आहेत, अशा प्रणालींच्या कर्त्यांना पत्रे लिहून एडीएक्सची मागणी करावी. यातल्या बऱ्याच प्रणाली हौशी माणसांनी घडवलेल्या आहेत आणि ती माणसे पत्रांना उत्तरे देतात.