द्राक्षे आंबट का होतात?

गेल्या सत्रात एका पालकांनी आपल्या मुलाचे नाव मराठीच्या वर्गातून काढून घेतले. “गुरुजी, मराठी शिकून नोकरी थोडीच मिळते?” असे ते म्हणाले. आम्ही गप्प राहिलो. जाता जाता ते दारात थांबले आणि हळूच म्हणाले, “आमची आजी मराठीत बोलायची. आम्हाला उत्तर देता येत नसे.”

खरे दुखणे हे होते. नोकरीचा प्रश्न ही केवळ ढाल होती.

लाज, भीती किंवा दुःख सोसवेनासे झाले की मन आपोआप अशी ढाल पुढे करते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली या संरक्षणाविषयी लिहिले आणि त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ साली या संरक्षण यंत्रणांची पुस्तकरूपाने मांडणी केली. शिक्षक-प्रशिक्षणात आम्ही त्यांची नावे पाठ केली. पुढे ध्यानात आले की आपल्या म्हणींना हे सारे आधीच ठाऊक आहे. कामावरचा राग घरी मुलांवर काढणे हे विस्थापन. आपण म्हणतो, वड्याचे तेल वांग्यावर. आपल्या मनातले दुसऱ्याच्या मनात पाहणे हे प्रक्षेपण; आपण म्हणतो, आपल्यावरून जग ओळखावे. आणि जे हाती लागले नाही ते कुचकामी ठरवणे हे तर्कसमर्थन. म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट.

हे खोटे बोलणे नव्हे. खोटे बोलणाऱ्याला सत्य ठाऊक असते. इथे ते स्वतःपासूनच लपलेले असते. शिवाय या ढालीचा उपयोगही आहे. घरात मृत्यू झाला की पहिले काही दिवस माणूस तो मानायलाच तयार नसतो, आणि तेवढा वेळ तो नकारच त्याला सावरतो. पण ढाल कायमची हाती राहिली तर त्या हाताने दुसरे काही करता येत नाही.

मॉरिशसमधील आपल्या घरांत हेच होत आहे. गणेश चतुर्थीला आरती रोमन लिपीतून वाचताना मनाला जे टोचते, त्याला आपण “काळ बदलला” असे नाव देतो. आम्ही शिक्षक तरी कुठे वेगळे? वर्गात मुले कमी झाली की आम्ही पालकांना, वेळापत्रकाला, क्रेओलला दोष देतो. आमचा धडाच कंटाळवाणा असेल, हे मनात येऊ देत नाही. नाचता येईना, अंगण वाकडे!

मग करावे काय? दुसऱ्याची ढाल हिसकावू नये. त्याने माणूस ती अधिकच घट्ट धरतो. त्या पालकांशी आम्ही वाद घातला असता, तर दारातले ते वाक्य ऐकायलाच मिळाले नसते. आपली ढाल मात्र आपण ओळखावी. उणीव भरून काढणे हीही मनाचीच एक रीत आहे. त्या पालकांना आम्ही सुचवले की बापलेकांनी मिळून बाराखडीपासून सुरुवात करावी. आम्ही मदतीला येऊ.

त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. मुलाची जागा आम्ही राखून ठेवली आहे.