आजीबाईचा बटवा आणि कसोटी

आमच्या नांदेड-लातूरकडे कोणाचा पाय मुरगळला, कीं घरांतील वडीलधारी मंडळी निर्गुडीचा पाला गरम करून बांधतात किंवा हळदीचा लेप लावतात. हें पाहून कांहीं सुशिक्षित हंसतात. तर कांहीं जण, पूर्वजांनीं सांगितलें तें खरेंच असणार, म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवतात. आमच्या मतें या दोन्ही वृत्ति सारख्याच आळशी होत; कारण तपासून पाहण्याचे कष्ट दोघांसहि नको असतात.

तपासणी अशक्य आहे काय? मुळींच नाहीं. १९६२ सालीं विंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिची एक रीत प्रसिद्ध केली. समुद्रशैवालापासून काढलेला कॅराजीनन नांवाचा पदार्थ उंदराच्या मागील पायांत टोंचला, कीं थोड्याच तासांत पाय सुजतो. एका गटास आधीं वनस्पतीचा अर्क, दुसऱ्यास परिचित औषध व तिसऱ्यास औषधाविना नुसतें द्रावण देऊन, ठराविक वेळीं तिन्ही गटांची सूज मोजतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंतील श्रीमल व धवन यांनीं १९७३ सालीं अशाच प्रयोगांनीं हळदींतील कर्क्युमिनचा सूज उतरविण्याचा गुण दाखवून दिला.

तथापि उंदराचा पाय म्हणजे माणसाचा गुडघा नव्हे. कर्क्युमिन पोटांत घेतल्यास रक्तांत फारच थोडें उतरतें, हेंहि तपासणीनेंच कळलें. शिवाय सूज हाड मोडल्याची किंवा सर्पदंशाची असेल, तर पाला बांधीत बसणें जिवावर बेतेल. तेथें रुग्णालयच गांठलें पाहिजे.

लिहून ठेवण्याचेंहि महत्त्व मोठें आहे. हळदीनें जखम भरते, याचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने लेखी पुरावे पुढें मांडले, म्हणूनच १९९७ सालीं तें रद्द झालें. नुसत्या तोंडी आठवणीवर तें झालें नसतें.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत व लातूरच्या महाविद्यालयांत औषधनिर्माणशास्त्र शिकविलें जातें. विद्यार्थिमित्रहो, उद्यां आपणांपैकीं कांहीं जण तेथें जातील. तोंवर आजीजवळ बसून पाल्याचें नांव, प्रमाण व कृति वहींत उतरून घ्या. तिच्या बटव्याची परीक्षा घेणें हा तिचा अपमान नव्हे. कसोटीवर घांसतात तें सोनेंच.