शेंद्रीपाड्याचा साकव

२०२६ ची दिवाळी उजाडण्याआधीच, ३१ ऑक्टोबर रोजी, त्र्यंबकेश्वरात सिंहस्थाचं ध्वजारोहण होईल. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. तयारीचा धुरळा मात्र आतापासूनच उडतो आहे. नाशिक-त्र्यंबक हा जेमतेम २८ किलोमीटरचा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि त्याच्या कडेला ज्यांचं घर, हॉटेल किंवा शेताचा बांध आहे, त्यांच्या पोटात गोळा आला आहे. यंदाच्या अंकाचा विषय म्हणूनच आम्ही रस्ता हा घेतला.

रस्ता हवा, याबद्दल आमचं दुमत नाही. पण रस्त्यापाठोपाठ जमिनीचा भाव येतो. कालपर्यंत भात-नागली देणारा तुकडा ‘रोडटच’ होतो, त्याला तारेचं कुंपण पडतं, सातबाऱ्यावरची नावं बदलतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरला जातोय म्हणून २०२१ मध्ये आवाज उठला, त्याचं मूळ या भावातच आहे. गोदावरी ज्या डोंगरातून उगम पावते, त्याच्या उतारावर काय बांधायचं आणि काय नाही, हे डांबर पडण्याआधी ठरायला हवं. असं आधी ठरवता येतं: स्वित्झर्लंडने १९७९ च्या कायद्याने बांधकामाची जमीन आणि शेतजमीन यांच्यात रेघ ओढली. तिथल्या झरमॅट या डोंगरगावात पर्यटकाची गाडी जातच नाही. ती पाच किलोमीटर अलीकडे टेशला ठेवायची आणि रेल्वेने वर जायचं.

गाडी अशी बाहेर ठेवणं आपल्याला परकं नाही. सिंहस्थाच्या पर्वणीला आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारी खासगी गाड्या गावाबाहेर थांबतात, भाविक एसटीने येतात. ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसं तर रात्रभर पायीच चालतात. मग एरवीच्या शनिवार-रविवारी त्र्यंबकची गल्ली गाड्यांनी का कोंडावी?

आणि याच त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाडा आहे. तिथल्या बाया पाण्यासाठी तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन, खोल पात्र ओलांडत होत्या. छायाचित्रं छापून आली, गाजावाजा झाला, जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला.

त्या बायांची आठवण आम्हाला त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर उभं असताना हटकून होते. कोट्यवधी भाविकांसाठी आखलेल्या रस्त्यांच्या यादीत अशा पाड्यांचे साकव आणि पावसाळ्यातही तुटणार नाहीत अशा वाटा यायला हव्यात, त्याही शेवटच्या पानावर नव्हे. वर्षभर या डोंगराखाली राहणारी माणसं तीच आहेत. सिंहस्थाचे तंबू उठल्यावरही पाण्याचा हंडा त्यांनाच वाहायचा आहे.