निवृत्ती कोणाची आणि कशी?

सेवानिवृत्तीनंतर माणसाने कार्यमग्न राहावे, असा उपदेश हल्ली वारंवार कानी पडतो. सकाळी फेरफटका मारावा, वाचन करावे, नातवंडांत रमावे, समाजकार्यात भाग घ्यावा, हे सारे योग्यच आहे. तथापि अकोला जिल्ह्यातील तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून या उपदेशाकडे पाहिले म्हणजे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : निवृत्त होण्याचे भाग्य मुळात लाभते कोणाला?

आमच्या मते येथील वृद्धांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांचा. महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन खात्यात जमा होते, महागाई वाढली की त्यातही भर पडते. वरील उपदेश प्रामुख्याने यांच्यासाठी आहे. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यशासनाच्या सेवेत आलेल्यांना ही जुनी योजना लागू राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले, ते याच कारणासाठी.

दुसरा वर्ग गिरण्या, महामंडळे, सहकारी संस्था आणि खासगी कारखाने यांतून निवृत्त झालेल्यांचा. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे हे लाभार्थी. या योजनेचे गणित सोपे आहे : निवृत्तिवेतनपात्र पगारास सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तराने भागावे. पगाराची कमाल मर्यादा दीर्घकाळ ६,५०० रुपये होती. त्या मर्यादेवर वीस वर्षांच्या सेवेसाठी केवळ या सूत्रानुसार महिन्याला १,८५७ रुपये येतात. सप्टेंबर २०१४ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये झाली व किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. परंतु महागाई भत्त्याची जोड नसल्याने ठरलेली रक्कम वर्षानुवर्षे तीच राहते आणि तिची किंमत मात्र घटत जाते.

या अन्यायाविरुद्धचा आवाज आपल्या वऱ्हाडातूनच उठला, याची नोंद घेतली पाहिजे. बुलढाणा येथे २४ डिसेंबर २०१८ पासून निवृत्त कामगारांनी साखळी उपोषण आरंभिले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीने किमान ७,५०० रुपये निवृत्तिवेतन व महागाई भत्ता ही मागणी दिल्लीपर्यंत नेली. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षे सेवा केली, तर वरील सूत्रानुसार नेमकी हीच रक्कम येते. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे निवेदने लिहितात, हिशेब मांडतात, मंडपात पाळीपाळीने बसतात. कार्यमग्न वार्धक्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

तिसरा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत मुका : शेतकरी व शेतमजूर. कपाशीच्या शिवारात निवृत्तीचे वय नसते. वेचणीच्या दिवसांत सत्तरीच्या आजीही ओटीत कापूस भरताना दिसतात. त्यांना 'सक्रिय राहा' असे सांगण्यासारखी दुसरी थट्टा नाही. त्यांना हवी आहे ती विश्रांती. श्रावणबाळ योजनेतून पासष्ट वर्षांवरील निराधारांना मासिक साहाय्य मिळते, परंतु त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे आणि उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे अर्जही करता येतो. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्जावर अंगठा उमटविण्यास कोणत्या मातेचा हात धजेल?

येथेच पहिल्या वर्गाचे कर्तव्य सुरू होते. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी यांच्यापाशी वेळ आहे, अक्षर आहे आणि कार्यालयाची भाषाही आहे. शेजारच्या वृद्धाला नेमके याचेच दुर्भिक्ष्य असते. हयातीचा दाखला द्यावयाचा, तर कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र स्वीकारीत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय भ्रमणध्वनीवर झाली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, हे ठाऊक नसल्यामुळे अर्ज पडून राहतो. आठवड्यातील एक सकाळ अशा कामी दिली, तर दोघांचेही वार्धक्य सावरेल. एकाचे उपयोगी पडल्याने, दुसऱ्याचे आधार मिळाल्याने.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा व वयोवृद्धांसाठी राखून ठेवला. त्या दिवशी ज्येष्ठांना पुष्पगुच्छ देऊन आपण समाधान मानतो. यापुढे त्याच दिवशी मंदिराच्या आवारात एक टेबल मांडावे, दोन निवृत्त बंधुभगिनींनी तेथे बसावे आणि जातिधर्म न विचारता येईल त्या वृद्धाचा अर्ज भरून द्यावा, असे आम्ही सुचवितो. पुष्पगुच्छ सायंकाळपर्यंत कोमेजतो. भरून दिलेला अर्ज मात्र कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचतो.