न दिसणाऱ्यांचे शहर

ब्राझीलमधील औरो प्रेतो हे शहर पहिल्या भेटीत पाहणाऱ्याला जिंकून घेते. चढ-उतारांचे दगडी रस्ते, पांढऱ्या भिंतींची आणि रंगीत चौकटींची घरे, जवळजवळ प्रत्येक टेकडीवर एक चर्च. सतराव्या शतकाच्या अखेरीस येथील ओढ्यांत काळपट थराने झाकलेले सोने सापडले. ‘काळे सोने’ हे नाव त्यावरून आले. १७११ मध्ये ‘विला रिका’, म्हणजे ‘श्रीमंत नगरी’, या नावाने ते नगर झाले आणि पुढे मिनास जेराइस प्रांताची राजधानी. सोने आटत गेले, १८९७ मध्ये राजधानीही बेलो होरिझोन्तेला हलली. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा मागे उरला नाही आणि त्या दारिद्र्यानेच शहर जसेच्या तसे राखले. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज तेथे पर्यटक येतात, आम्हीही त्यांतलेच होतो.

प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की साहित्याच्या वाचकाने अशा शहरात जाताना आपली वाचनाची सवय घरी ठेवून जाऊ नये. संहितेत काय लिहिले आहे याच्याइतकेच काय लिहिलेले नाही हेही आपण वर्गात विचारतो. मग दगडाच्या आणि सोन्याच्या संहितेसमोर उभे राहिल्यावर नुसते ‘वा!’ म्हणून आपण का थांबतो?

या प्रश्नाकडे आम्हाला नेले ते त्याच शहरातील एका कवीने. तोमास आंतोनियो गोंझागा १७८२ मध्ये विला रिका येथे न्यायाधिकारी म्हणून आला. ‘मारीलिया दे दिर्सेउ’ हा त्याचा काव्यसंग्रह पोर्तुगीज भाषेतील प्रेमकवितेचा मानदंड समजला जातो. मेंढपाळ, कळप, झरे असा सारा संकेत युरोपीय गोपकाव्याचा. मारीलियाच्या नावाचा पूल आज पर्यटकांना आवर्जून दाखवला जातो. पण या संग्रहातील एका कवितेत गोंझागा प्रेयसीला आपल्या भावी संसाराचे चित्र रंगवून सांगतो आणि त्याची सुरुवात करतो ती तिला काय काय दिसणार नाही याची यादी देऊन. शेकडो गुलाम नदीकाठची वाळू आणि डोंगराची माती उपसताना तिला दिसणार नाहीत. लाकडी परातीत गाळ हलवून तळाशी चमकणारे सोने वेगळे करणारा कसबी आफ्रिकी माणूस तिला दिसणार नाही. तिला दिसेल ते कवीचे मोठे मेज, त्यावरचे खटल्यांचे कागद आणि कायद्याचे ग्रंथ.

या कवितेचा एक सरळ अर्थ असा लावता येईल, की कवी स्वतःला खाणमालकांपासून वेगळे काढतो आहे. आपली उपजीविका विद्येची आहे, गुलामांच्या श्रमांची नव्हे, असे सांगतो आहे. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. परात कशी हलवतात, सोने कुठे साचते, हे इतक्या बारकाव्याने लिहिणाऱ्याने ते नीट पाहिलेले असणार. म्हणजे कवीने पाहिले आणि प्रेयसीला ते दिसणार नाही अशी व्यवस्था केली. शिवाय मेजावरचे ते खटले ज्या शहरातले, ते शहरच त्या परातीवर उभे होते. आजच्या पर्यटकाला मारीलियाचीच जागा दिली जाते, असे आम्हाला वाटते. त्याच्यासाठीही कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते, की याला हे दिसेल आणि हे दिसणार नाही.

शहराच्या मुख्य चौकाचेच उदाहरण घ्यावे. सोन्याचा पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा, असा नियम होता. चौथाईच्या इतिहासावर वाढलेल्या मराठी वाचकाला त्याचे ओझे वेगळे समजावून द्यायला नको. उत्पन्न घटले तरी थकबाकी वसूल होणार या भीतीतून १७८९ मध्ये येथे स्वातंत्र्याचा कट शिजला. कटवाल्यांत कवी होते, धर्मगुरू होते, जमीनदार होते. गोंझागाला पकडून मोझांबिकला हद्दपार करण्यात आले. फाशी झाली ती एकट्या तिरादेंतेसला, २१ एप्रिल १७९२ रोजी रिओ दि जानेरोत. त्याचे शिर विला रिकाच्या चौकात टांगले गेले. आज त्या चौकाला त्याचे नाव आहे, मधोमध त्याचा पुतळा आहे आणि समोरच्या जुन्या नगरभवन-तुरुंगात या कटाचे संग्रहालय आहे. हे सारे योग्यच आहे. परंतु गुलामी रद्द करावी की नाही यावर कटवाल्यांचे एकमत नव्हते, ही गोष्ट पुतळा सांगू शकत नाही. ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळून ६६ वर्षे झाल्यानंतर.

मग ज्यांनी खाणी खोदल्या त्यांचे काय? त्यांच्या नावाची एक खाण तिकीट काढून पाहता येते. ‘शिको रेय’ म्हणजे ‘राजा शिको’. आफ्रिकेत राजा असलेला, गुलाम होऊन विला रिकाला आलेला हा माणूस. त्याने स्वतःला सोडवले, मुलाला सोडवले, शेवटी खाण विकत घेऊन आपल्या माणसांना मुक्त केले, अशी त्याची कथा. बोगदा इतका ठेंगणा आहे की वाकूनच चालावे लागते. इतिहासकार या कथेबद्दल साशंक आहेत, कारण तिचा लेखी आधार मिळतो तो फार उशिरा, दियोगो दे वास्कोन्सेलोस यांच्या १९०४ च्या इतिहासग्रंथात, आणि तोही एका तळटीपेत. काही अभ्यासक म्हणतील, ही दंतकथा आहे, सोडून द्या. आम्हाला ते पटत नाही. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास तळटीपेत आणि लोकांच्या तोंडीच सापडणार. शिको रेय होऊन गेला की नाही, हा एक प्रश्न. पण अशा माणसाची कथा पिढ्यानुपिढ्या कोणाला हवीशी वाटली आणि का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी साहित्याचा अभ्यासकच लागतो. तरीही एक सावधगिरी हवी: एका मुक्त राजाची गोड कथा ऐकून बाहेर पडलेल्या पर्यटकाला न सुटलेले हजारो विसरणे सोपे जाते.

येथे कोणी विचारील, म्हणजे आता सौंदर्यही पाहायचे नाही काय? तसे मुळीच नाही. साओ फ्रान्सिस्को चर्चचा दर्शनी भाग मऊ दगडात कोरणारा अलेइजादिन्यो हा पोर्तुगीज स्थपतीचा आणि गुलाम आफ्रिकी स्त्रीचा मुलगा. रोगाने हातपाय झडत असतानाही तो काम करीत राहिला. त्याच चर्चच्या छतावर मानुएल दा कोस्ता अताईदे याने रंगवलेल्या मेरीचा चेहरा मिश्रवंशीय आहे. म्हणजे हे सौंदर्य केवळ मालकांचे नाही. ज्यांना दिसू द्यायचे नव्हते ते त्यात शिरलेले आहेत. त्यांना ओळखल्याने कलाकृती लहान होत नाही. दलित साहित्याने आपल्या वाचनाला हेच शिकवले आहे.

हा दूरच्या खंडाचा इतिहास आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे वाटणाऱ्यांसाठी एक दुवा सांगून थांबतो. १७२० मध्ये, सोने वितळवून कर कापून घेणाऱ्या सरकारी भट्ट्यांविरुद्ध विला रिकात बंड झाले. आसुमारचा काउंट पेद्रो दे आल्मेदा हा तेथील गव्हर्नर. त्याने बंडवाल्यांची टेकडीवरची घरे जाळली आणि फिलिपे दोस सान्तोस याला ठार मारले. त्या टेकडीला आजही ‘जळकी टेकडी’ अशा अर्थाचे नाव आहे. हाच पेद्रो दे आल्मेदा १७४४ मध्ये व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला. १७४६ मध्ये त्याने सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या गावाच्या नावाने ‘आलोर्नचा मार्क्विस’ ही पदवी मिळवली. शापोरा नदीकाठी तो किल्ला उभा आहे. तो पाहायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्या जळक्या टेकडीचे नाव ठाऊक असते?

औरो प्रेतोला ‘पूर्वीचे’ खाणशहर म्हणतात, तेही पुरते खरे नाही. शेजारच्या मारियानाच्या हद्दीत, सोन्याच्या काळात वसलेले बेन्तो रोद्रिगेस हे खेडे ५ नोव्हेंबर २०१५ रोजी लोहखाणीच्या गाळाचे धरण फुटून गाडले गेले. १९ माणसे दगावली. त्या दिवशीच्या गाळाखाली अठराव्या शतकातले एक चर्चही होते. औरो प्रेतोतील चर्च पाहून परतणाऱ्याने या गावाचे नाव निदान एकदा विचारावे. मारीलियाला निवड नव्हती. तिच्या वतीने कवीने ठरवले होते. आपल्याला ती आहे.